चार बोटं उंच

दार आपोआप उघडलं आणि पायलला ठेच लागली. दोन्ही गोष्टी एकाच क्षणी झाल्या, त्यामुळे आधी तिला वाटलं, दारानंच काहीतरी केलं. काचेची दोन्ही पानं निमूट बाजूला सरकली, आतल्या गारव्याची झुळूक तोंडावर आली, आणि उजव्या पायाचा अंगठा कशावर तरी असा आदळला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिनं भिंत धरली, दात आवळले आणि खाली पाहिलं. काळ्या ग्रॅनाइटचा, घासून लखलखीत केलेला, चार बोटं उंच उंबरठा. त्यावर हळदीकुंकवाची बोटं, झेंडूची दोन फुलं आणि एका टोकाला विझत आलेली उदबत्ती. पायल बघतच राहिली. ही इमारत तिची होती. म्हणजे कागदोपत्री अकोल्याच्या एका शिक्षण संस्थेची, पण त्यातली रेषा न् रेषा तिची, आणि या इमारतीला उंबरठा नव्हता. एकाही दाराला नव्हता. रस्त्यावरून निघालेलं चाक कुठेही न अडखळता थेट शेवटच्या पुस्तकाच्या कपाटापर्यंत जावं, एवढ्या एका गोष्टीसाठी तिनं चार वर्षं लोकांशी डोकं फोडलं होतं. दार मिटायला लागलं, ती अजून तिथेच उभी आहे हे त्याला कळलं, ते पुन्हा उघडलं. पुन्हा गार झुळूक. पुन्हा मिटायला लागलं. "अरे थांब ना बाबा," ती दाराला म्हणाली, आणि लंगडत, तो दगड ओलांडून, आत गेली.

आत वाचनालयाच्या दाराला उंबरठा होता. अभ्यासिकेच्या दाराला होता. संगणकांच्या खोलीला होता. लिफ्टमधून ती वर गेली, तिथेही प्रत्येक दाराशी तोच काळा दगड, तेवढाच उंच, तितक्याच प्रेमानं बसवलेला. ज्या स्वच्छतागृहाच्या दारावर चाकाच्या खुर्चीचं निळं चित्र लावलं होतं, त्या चित्राच्या बरोबर खाली, तोही होता. तिथे मात्र तिला हसू आलं. हसता हसता अंगठ्यातून कळ आली, तशी ती खिडकीच्या कठड्याला टेकली. खाली मोर्णेचं आटलेलं पात्र दिसत होतं, पलीकडे जुन्या शहराची पत्र्यांची आणि पाण्याच्या टाक्यांची गर्दी. चैत्रातलं अकोला सकाळीच तापून गेलं होतं. मंडपात कूलर लावले होते आणि कुणीतरी माइकवर "हॅलो, हॅलो" करत होतं. अकरा वाजता उद्घाटन. प्रमुख पाहुणे यायला अजून तासभर तरी होता, आणि पाहुण्यांची तिला काही पडलेली नव्हती. त्यांच्या आधी प्रीतम येणार होता.

अमरावतीच्या वास्तुकला महाविद्यालयात ती शिकवायची आणि शिकवता शिकवता तिनं हे खूळ डोक्यात घेतलं होतं. इमारत काढणं हे एकट्या वास्तुरचनाकाराचं काम नाही, तिथे मनाचं शास्त्र जाणणारा हवा, यंत्रं जाणणारा हवा, न दिसणाऱ्या मुलांना चालायला शिकवणारी बाई हवी. या सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवायचं आणि पुढची पन्नास वर्षं कुणालाही परकी वाटणार नाही अशी इमारत काढायची. विद्यापीठाच्या भाषेत याचं नाव 'भविष्यवेधी सर्वसमावेशक वास्तुरचनेचा आंतरविद्याशाखीय प्रकल्प' असं होतं. विभागप्रमुख 'पायल मॅडमचं रॅम्प प्रकरण' म्हणत. या संस्थेला मात्र 'भविष्यवेधी' हा शब्द भलताच आवडला. त्यांच्या लेखी भविष्य म्हणजे काचा, निळे दिवे आणि दारात उभं राहून नमस्कार करणारा यंत्रमानव. पायल दर बैठकीला अमरावतीहून गाडी काढायची, बडनेरा, मूर्तिजापूर करत यायची आणि तेच तेच बोलायची. उतार एवढाच का. कठडा दोन उंचींवर का. भिंतींचे रंग असे का. "पण मॅडम, आपल्याकडे अपंग येतातच कुठे?" कुणीतरी हमखास विचारायचं. येता येत नाही म्हणून येत नाहीत, ती सांगायची. ते मान डोलवायचे आणि पुढच्या बैठकीत तोच माणूस तोच प्रश्न विचारायचा. एकदा तिचं टाळकं फिरलं. "भविष्य म्हणजे दुसरं तिसरं काही नाही," ती म्हणाली, "भविष्य म्हणजे तुमचे गुडघे." सगळे हसले. अध्यक्षही हसले, आणि हसता हसता दोन्ही हात गुडघ्यांवर रेटून खुर्चीतून उठले. त्या दिवशी उताराला मंजुरी मिळाली.

प्रीतम तिला भेटला तो असाच एका संतापाच्या दिवशी. तिच्याच महाविद्यालयात परिसंवाद होता, विषय सर्वांसाठी वास्तू, सभागृह दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. अकोल्याहून मानसशास्त्राचे एक प्राध्यापक बोलायला येणार होते. श्रोत्यांत बसलेल्या पायलला आधी जिन्यातून "हं, सांभाळून, हं, माझ्याकडून" असा कपाट चढवतानाचा आवाज आला आणि मग दारातून चार विद्यार्थ्यांच्या खांद्यांवरून एक खुर्ची आली. खुर्चीत प्रीतम. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. तो टाळ्या संपेपर्यंत थांबला, माइक जवळ ओढला आणि म्हणाला, "मी भाषण तयार करून आणलं होतं. पण मी अजून जिन्यातच आहे. मागच्या मुलाचा पाय घसरला असता तर काय, एवढंच डोक्यात चाललंय. तेव्हा पाच मिनिटं द्या." आणि खरोखर तो पाच मिनिटं गप्प बसला. लोक चुळबुळले, खोकले, कुणी मोबाइल काढला. पायलला वाटलं, चुना-विटांविषयी इतकं खरं भाषण आपण आजवर ऐकलं नाही. नंतर चहाच्या वेळी तिनं त्याला प्रकल्पाचं सांगितलं तेव्हा तो लगेच हो म्हणाला नाही. पोलिओनं दुसऱ्या वर्षीच पाय नेले, तेव्हापासून तो उचलला जात होता. शाळेत बापानं उचललं, परीक्षेला मित्रांनी, लग्नात मेहुण्यांनी. बँकेत, कोर्टात, देवळात, विहारात. उचलणारे सगळे चांगलेच होते, तो म्हणाला, तीच तर पंचाईत. चांगल्या माणसांवर चिडताही येत नाही. "माझी एकच अट," तो म्हणाला होता. "ती इमारत उभी राहील तेव्हा मी आत जाईन, आणि मला कुणी हात लावणार नाही. हे जमत असेल तर मी आहे." पायलनं शब्द दिला. चहाचा कप हातात धरून माणूस सहज देतो तसा. मग चार वर्षं तो शब्द तिच्या मानेवर बसून राहिला.

शेखर कंत्राटदार मंडपात फुलांची माळ सरळ करत होता. पांढराशुभ्र शर्ट, कपाळावर टिळा, चेहऱ्यावर मुलीचं लग्न असल्यासारखी धांदल. पायलला पाहताच त्याचा चेहरा खुलला.

"पाह्यलं का मॅडम? कसा झाला?"

"शेखरभाऊ, ते काय आहे?"

"उंबरठा."

"तो मला लागला. कोणी सांगितला बसवायला?"

"तुमच्या आईनंच तं सांगतलं!" शेखर आनंदानं म्हणाला. "त्या फाल्गुनात नाई का तुमी त्याह्यले घेऊन आल्या होत्या, तुमी मीटिंगमंदी होत्या, मी त्याह्यले सगयं हिंडून दाखोलं. त्या म्हने, सगयं चांगलं झालं बापा, पन दाराले उंबरठा कुठं आहे? बिनउंबरठ्याचं दार मानसाचं असते का?"

"ड्रॉइंगमध्ये होता उंबरठा?"

"नव्हता ना. म्हनूनच तं म्हटलं, मॅडमच्या नजरेतून सुटला असन. आन तुमच्या आईचा शब्द मी कसा खाली पडू देऊ?"

"मला एक फोन करता येत नव्हता?"

"म्हटलं, सरप्राइज देऊ." शेखरचा चेहरा आता थोडा उतरला होता. "माह्याकून भेट आहे मॅडम. हिशेबात नाही धरला."

चार वर्षं या माणसानं तिची एकही रेष हलू दिली नव्हती. उताराला केसभर फरक पडला म्हणून तयार झालेला गिलावा त्यानं स्वतः फोडून घेतला होता. नकाशा म्हणजे नकाशा, असं तो गवंड्यांना दरडावायचा. आणि त्याच माणसानं, मॅडमच्या आईचा शब्द म्हटल्यावर, नकाशा गुंडाळून ठेवला होता. पायलला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण ओरडायचं कशावर? आईचा मान ठेवला म्हणून? गेले काही आठवडे ती विद्यापीठाचे पेपर तपासण्यात अडकली होती. शेखर मोबाइलवर रोज फोटो पाठवायचा आणि प्रत्येक फोटोत दारांच्या तळाशी निळं प्लास्टिक गुंडाळलेलं असायचं. ओरखडे पडू नयेत म्हणून किती काळजी घेतो हा, असं तिला वाटलं होतं. तिनं अंगठा वर करून शाबासकीही पाठवली होती.

"काढायला किती वेळ लागेल?"

"आज?" शेखर हादरला. "पूजा झाली ना मॅडम. लीलाबाईनं सकायीच केली."

लीलाबाई, अध्यक्षांच्या पत्नी, नाव ऐकून मागूनच आल्या. निवृत्त शिक्षिका, माहेर जुन्या शहरातल्या भिक्षुकांचं, आवाज कधी चढत नाही अशी बाई. "पायलताई, पूजलेला उंबरठा आजच्या दिवशी फोडायचा?" त्यांनी पायलचा हात हातात घेतला. त्यांचा हात मऊ होता आणि त्याला धुपाचा वास होता. "असं करू नका. चार मुलं उभी केली आहेत मी दाराशी. सरांना अलगद उचलून आत घेतील. त्यांना कळणारसुद्धा नाही." पायलनं हात सोडवून घेतला. त्यांना कळणारसुद्धा नाही. जणू प्रीतम म्हणजे झोपलेलं बाळ, इकडच्या पाळण्यातून तिकडच्या पाळण्यात. बोलावं तर या बाईला समजणार नाही आणि न बोलावं तर आपण फुटू, असं तिला झालं. उतारावर कुणीतरी मोठा थोरला रांगोळीचा मोर काढला होता. न दिसणाऱ्यांसाठी जमिनीत बसवलेल्या खरबरीत पट्टीवर लाल गालिचा अंथरला होता. स्वागतच करत होते सगळे. वाईट कुणीच नव्हतं, एकही माणूस वाईट नव्हता, आणि तिला त्या क्षणी एखादा वाईट माणूस फार हवा होता.

तो मिळाला नाही, म्हणून ती आईकडे गेली.

जाईबाई मंडपात कूलरसमोर बसली होती. पांढरी साडी, डोक्यावरून पदर, मांडीवर पर्स. सकाळी गाडीतून उतरल्यावर पायलनं तिला उताराकडे वळवलं होतं, तेव्हा तिनं हात झटकून पायऱ्याच धरल्या होत्या. "ते चाकवाल्याईसाठी आहे. मी काय लंगडी आहो?" असं म्हणत, दर पायरीला गुडघ्यावर हात दाबत ती ओट्यापर्यंत चढली, गर्दी पाहून तशीच परत उतरली आणि मंडपात येऊन बसली. सर्वसमावेशक वास्तुरचनेवर देशभर बोलणाऱ्या बाईची आई. घरी न्हाणीत तिच्या आधारासाठी बसवलेल्या दांडीवर ती टॉवेल वाळत घालायची.

"आई, तू शेखरला उंबरठा बसवायला सांगितलंस?"

"बसोला का त्यानं?" आईचे डोळे चमकले. "मले दिसलाच नाही गर्दीत. कसा झाला?"

"कशाला सांगितलंस?"

"कशाले म्हंजे? दाराले उंबरठा नको?"

पायल तिच्या शेजारच्या खुर्चीत बसली. चपलेतून अंगठा बाहेर काढला. नखाखाली काळं-निळं रक्त साकळलं होतं. आईला उंबरठ्याचं काय आहे हे तिला ठाऊक होतं, म्हणजे ठाऊक आहे असं ती समजत होती. अमरावतीच्या फ्रेजरपुऱ्यात बाबांनी दोन खोल्या बांधल्या तेव्हा भिंतींना गिलावा नव्हता, वर पत्रे होते, पण आईनं आधी उंबरठा मागितला होता. सागाचा, जाड. पाटबंधारे खात्यातला शिपाई माणूस, त्यानं कुठून तरी एका पडक्या घराचं लाकूड पैदा केलं आणि तासून बसवलं. संध्याकाळी आई त्या उंबरठ्यावर बसायची. तांदूळ निवडायची, शेंगा सोलायची, नाहीतर नुसतीच बसायची, अर्धी घरात अर्धी बाहेर. शेजारची एखादी बाई म्हणायची, उंबरठ्यावर बसू नये जाई, चांगलं नसतं. आई म्हणायची, माहा आहे. पायल चौकटीला पाठ लावून तिच्या शेजारी अभ्यास करायची आणि तिच्या पाठीला अजून ती चौकट आठवत होती, तिचा एक खडबडीत गाठीचा भाग खांद्याच्या हाडाखाली यायचा. त्याआधीचं, आईच्या लहानपणचं, नांदगाव खंडेश्वराकडल्या खेड्यातलं, आई फारसं सांगायची नाही. मालकाच्या घरी ती तिच्या मायसोबत ताक मागायला जायची, एवढंच. उंबरठ्याखाली उभं राहायचं, गाडगं वर धरायचं, वरून ताक ओतलं जायचं. कधी कधी ते मनगटावरून ओघळून कोपरापर्यंत यायचं, आणि गार लागायचं. आईला त्यातलं गार लागणंच आठवायचं. पायल वास्तुकलेला गेली, नागपुरात शिकली, आणि पहिल्या वर्षापासून तिला पायऱ्यांचा, चौथऱ्यांचा, उंचवट्यांचा तिटकारा आला. वर्गात इतर मुलं भव्य जिने काढायची तेव्हा ही सगळं सपाट काढायची. मास्तर म्हणायचे, तुझ्या इमारतीत पाणी भरेल. तिला त्या तिटकाऱ्याचं मूळ माहीत होतं. आईनं मात्र त्याच मुळातून उलटी फांदी काढली होती. लेक म्हणत होती, उंबरठेच नकोत. माय म्हणत होती, आपला असू दे.

"आई, प्रीतमची खुर्ची आता आत जाणार नाही," ती म्हणाली. "तुझ्या उंबरठ्यावरून."

"उचलून घेतीन ना त्याले. एवढे पोट्टे आहेत."

पायलनं डोळे मिटले. कूलरचं पाणी वाऱ्याबरोबर बारीक बारीक तोंडावर उडत होतं. तिला वाटलं, आपण सगळं आयुष्य एका बहिऱ्या कार्यालयात अर्ज देत घालवलं आणि त्या कार्यालयाची मुख्य कारकून आपली आईच निघाली.

प्रीतमला फोन करावा असं तिच्या मनात दोनदा आलं. उशिरा ये. येऊच नको. दोन्ही वाक्यं तिनं तोंडात घोळवून पाहिली आणि गिळली. तेवढ्यात त्याची गाडी आलीच. हातानं चालवायची लहान पांढरी गाडी. दार उघडून त्यानं मागची खुर्ची ओढून काढली, उलगडली, स्वतःला तिच्यात टाकलं; पंचवीस वर्षांची सवय, भाकरी उलटावी इतकं सहज. नवा आकाशी कुर्ता घातला होता. दाढी केली होती. पायलला त्या दाढी केलेल्या गालांकडे पाहवेना. तो उताराशी आला, क्षणभर थांबून त्यानं उतार डोळ्यांनी मोजला, मग चाकांवर हात टाकले आणि वर चढायला लागला. मोराच्या पिसाऱ्यातून दोन रेघा उमटत गेल्या. लोक बाजूला झाले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, तिला तो आवाज ओळखीचा वाटला. वरच्या ओट्यावर तो पोचला, त्याच्या उंचीवर मुद्दाम लावलेल्या सेन्सरच्या डोळ्यानं त्याला टिपलं आणि दार उघडलं. आणि तो थांबला.

तो खाली पाहत राहिला. मग म्हणाला, "दगड चांगला आहे."

"प्रीतम, मला माहीत नव्हतं. आत्ता सकाळी..."

"सर, घ्या, उचलतो," लीलाबाईंच्या चारांपैकी एक पुढे झाला. दुसऱ्यानं चाकाला हात घातलासुद्धा.

"हात काढ," प्रीतम म्हणाला. हळूच म्हणाला, पण मुलानं हात असा मागे घेतला की जणू चाक तापलं होतं. शेखर धावत एक फळी घेऊन आला, दगडावर टेकवली. फळी डुगडुगली. "मागून कोनी धरलं तं जमन," तो म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं असावं, तो फळी हातात धरून तसाच ओणवा राहिला. दार मिटायला लागलं, प्रीतम तिथेच आहे हे त्याला कळलं, ते पुन्हा उघडलं. प्रीतमनं पायलकडे पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, सवय होती; हे असंच होणार हे जणू त्याला चार वर्षं माहीत होतं आणि तो केवळ तिच्या मनाला लागू नये म्हणून बैठकांना येत राहिला होता. "मी खाली आहे," तो म्हणाला. "लिंबाखाली. तुम्ही कार्यक्रम करून घ्या." त्यानं खुर्ची वळवली. उतरताना मान मागे करून म्हणाला, "उतार मस्त झालाय, पायल. ब्रेक लागला नाही."

ती कशी मंडपात परत आली तिला कळलं नाही. आई उठून उभी होती, कपाळावर हात धरून लिंबाकडे पाहत होती.

"जाऊन राहिला का तो?"

"हो."

"काहून? उचलून घेत होते ना त्याले? त्याच्यात कायची शरम? आपलेच लोकं..."

"आई!" पायल इतक्या जोरात ओरडली की माइकवाला थबकला. इतकी वर्षं भाषणांत, बैठकांत, प्रबंधांत जपलेली तिची भाषा कुठच्या कुठे गेली. "तुले त्या मालकाच्या घरात कोनी उचलून नेलं असतं, तं गेली असतीस का तू? सांग ना! गेली असतीस?"

आईनं तिच्याकडे पाहिलं. प्रश्न समजायला वेळ लागावा तशी पाहत राहिली. पदर डोक्यावरून घसरला होता, तो तिनं नीट केला. ती चिडली नव्हती, दुखावलीही नव्हती. तिला फक्त लेकीचं नवल वाटत होतं, एवढी शिकलेली, आणि एवढं साधं कळू नये.

"मले कोन उचलते पोरी?" ती म्हणाली. "उचलाले हात लावा लागते."

कूलर घरघरत होता. आई आपण काय बोललो ते स्वतःशीच पुन्हा ऐकत असल्यासारखी उभी होती. ती लिंबाकडे पाहत होती, जिथे आकाशी कुर्ता सावलीत स्थिर बसला होता, आणि तिच्या ओठांची हालचाल चालली होती. मग तिनं पर्स पायलच्या हातात दिली, आणि निघाली. पायऱ्यांकडे नाही. कठडा धरून, मोराच्या मोडलेल्या पिसाऱ्यावरून, ती उतार चढायला लागली. पायल लंगडत मागे गेली.

दाराशी पोचल्यावर आई वाकली. उंबरठ्यावरून तिनं तळवा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तापल्या लेकराच्या अंगावरून फिरवावा तसा. हळद बोटांना लागली.

"शेखर," ती म्हणाली, "म्या सांगतलं म्हनून बसोला ना तू हा?"

"हो ना आई."

"मंग आता मीच सांगून राहिली. काढ."

"आजी," लीलाबाई पुढे आल्या, "अहो, त्याची पूजा झाली आहे."

"झाली ना बाई? बरं झालं. बिनपूजेचा काढला असता तं वाईट वाटलं असतं." आईनं हळदीची बोटं पदराला पुसली. "काढ रे शेखर."

लीलाबाईंनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. शास्त्रात याला काय आधार, काय निषेध, ते त्या आठवत असाव्यात. सापडलं नाही, की सापडलं आणि त्यांनी म्हटलं नाही, कोण जाणे. त्या खाली बसल्या, झेंडूची दोन फुलं उचलली, उदबत्तीचं घर उचललं, आणि बाजूला झाल्या. शेखरनं पायलकडे पाहिलं. पायलनं होकारार्थी मान हलवली. त्यानं गाडीतून घण आणि छिन्नी आणवली, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि नवऱ्या मुलीच्या बापाच्या चेहऱ्यानं पहिला घाव घातला.

दगड निघेना. शेखरनं काम पक्कं केलं होतं. दर घावाला कपची उडायची, दर घावाला दार दचकून उघडायचं, गार हवा बाहेर लोटायचं आणि मिटायचं. प्रमुख पाहुण्यांच्या गाड्या आल्या. पाहुणे हार घालून घेऊन उतार चढून आले आणि दाराशी थांबले, कारण दारात निम्मा दगड, निम्मा खड्डा आणि सगळीकडे काळी कच पडली होती. "काय चाललंय?" अध्यक्षांनी दबक्या आवाजात विचारलं. "टाइम लागते साहेब," शेखर घामाघूम होऊन म्हणाला. ओटा भरला. पाहुणे, अध्यक्ष, लीलाबाई हातात फुलं धरून, उचलायला आलेली चार मुलं रिकाम्या हातांनी, सगळे उन्हात उभे. आत अजून किती दारं होती ते पायलला माहीत होतं. आज एकच निघाला तर निघेल. अंगठा ठणकत होता आणि तिला कुणाशीही एक अक्षर बोलायची इच्छा नव्हती.

आई गर्दीतून वाट काढत कठड्याशी आली. दोन्ही हात कठड्यावर टेकून ती खाली वाकली आणि लिंबाच्या दिशेनं, शेतातल्या माणसाला हाक मारावी तशी, मोठ्यानं ओरडली.

"ये ना बापू वर! तिथं एकटा काहून बसला? आमी बी सगये बाहेरच आहो."

प्रीतमनं मान वर केली. ओट्यावरची गर्दी पाहिली, पाहुण्यांचे हार पाहिले, घणाचा आवाज ऐकला. मग त्यानं चाकांवर हात ठेवले.